युद्धाची स्मृती आणि वाक्यातील कर्ता : धाराशिव परिसरातील काही वाङ्मयीन व कलात्मक साक्षींचा विचार

१

युद्ध केव्हा सुरू झाले आणि केव्हा संपले हे इतिहासग्रंथांवरून निश्चित करता येते. युद्धाची स्मृती मात्र अशा दोन तारखांच्या मध्ये मावत नाही. जे घडले ते कोणीतरी कोणाला तरी सांगावे लागते, आणि सांगावयाचे म्हटले की त्याचे वाक्य करावे लागते. वाक्यात कोणाला कर्ता करावयाचे, कोणाला कर्म, कोणाचा उल्लेखच गाळावयाचा, ह्या गोष्टी सांगणाऱ्याला ठरवाव्या लागतात. बहुतेक वेळा तो त्या जाणीवपूर्वक ठरवीत नाही. त्याची भाषा, त्याने निवडलेला वाङ्मयप्रकार आणि समोरचा श्रोता ह्या तिघांकडून त्या ठरत असतात. साहित्य आणि कला युद्धाविषयी काय सांगतात ह्याचा विचार करताना आशयाची चर्चा पुष्कळ होते. शौर्य, करुणा, व्यर्थता, देशप्रेम अशा सदरांखाली ती मांडली जाते. तिच्याबरोबर ह्या व्याकरणाकडेही लक्ष देणे अवश्य आहे. प्रस्तुत लेखात तो प्रयत्न एका मर्यादित भूभागापुरता केला आहे.

हा भूभाग म्हणजे धाराशिव जिल्हा. सोलापूरकडून पूर्वेस हैदराबादकडे जाणारा मार्ग नळदुर्ग, जळकोट, उमरगा ह्या गावांवरून जातो. तुळजापूर ह्या मार्गाच्या उत्तरेस, बालाघाटाच्या कडेवर आहे. पश्चिमेस परंड्याचा भुईकोट आहे. दख्खनच्या सत्तांच्या सीमा ह्या पट्ट्यातून वारंवार सरकल्या, आणि प्रत्येक वेळी येथून सैन्ये गेली. त्यांपैकी दोन प्रसंग येथे विशेषेकरून विचारात घ्यावयाचे आहेत : १६५९ सालची अफझलखानाची स्वारी आणि १९४८ सालच्या सप्टेंबरातील हैदराबादवरील लष्करी कारवाई. पहिल्या प्रसंगाला वाङ्मयात अनेक रूपे लाभली. दुसऱ्या प्रसंगाला त्याचे पुरेसे रूप अद्याप मिळालेले नाही. हा फरक केवळ कालावधीचा आहे की त्यामागे आणखी काही आहे, हा येथील मुख्य प्रश्न होय.

२

प्रथम साधनाची ओळख करून घेणे इष्ट ठरेल. मराठीत क्रियापदांच्या काही जोड्या अशा आहेत की, त्यांत एका स्वराच्या वा व्यंजनाच्या फरकाने कर्ता वाक्यात येतो किंवा वाक्याबाहेर जातो. मरणे–मारणे, जळणे–जाळणे, पडणे–पाडणे, तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे ह्या त्या जोड्या होत. ‘गाव जळाले’ ह्या वाक्याला जाळणाऱ्याची गरज नाही. आग आपोआप लागली असेल, वीज पडली असेल, चुलीतील विस्तव उडाला असेल. ‘गाव जाळले’ असे म्हणताच मात्र ‘कोणी?’ हा प्रश्न उभा राहतो आणि श्रोता उत्तराची वाट पाहू लागतो. ‘गाव उठले’ आणि ‘गाव उठविले’ ह्यांमध्येही हेच अंतर आहे. पहिल्यात माणसे निघून गेली. दुसऱ्यात त्यांना कोणी तरी घालविले.

ह्या दोहोंच्या मध्ये तिसरी रचना आहे. ‘गाव जाळले गेले’, ‘माणसे मारली गेली’ ही ती रचना. व्याकरणकार तिला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी प्रयोग म्हणतात, आणि इंग्रजी अमदानीनंतरच्या शासकीय व वृत्तपत्रीय मराठीत तिचा प्रसार विशेष झालेला दिसतो. ह्या रचनेत कोणी तरी जाळले एवढे मान्य केलेले असते; परंतु त्याचे नाव सांगण्याचे बंधन राहत नाही. ‘कडून’ हा शब्द लावून ते सांगता येते, आणि न सांगितल्यास वाक्य अपुरे वाटत नाही. अहवालांची भाषा ह्याच प्रयोगावर चालते.

मृत्यूविषयीच्या शब्दांतही अशा श्रेणी आहेत. युद्धात मेलेल्या सैनिकासाठी जुन्या मराठीत ‘कामास आला’ हा प्रयोग आहे. ‘धारातीर्थी पडला’ हा त्याहून गौरवाचा. शत्रूसाठी ‘ठार’ किंवा ‘गारद’. पौराणिक वळणाने बोलावयाचे असल्यास ‘वध’. हा शेवटचा शब्द विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. कंसाचा वध होतो, कीचकाचा वध होतो. वध ज्याचा होतो तो त्या मरणास पात्र होता हा निवाडा शब्दातच गृहीत असतो. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ (१९०७) नाटकाच्या प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी कोणाला पाहावयाचे ते बरोबर ओळखले, आणि सरकारनेही ते ओळखून १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. ‘खून’ किंवा ‘हत्या’ ह्या शब्दांनी हे कार्य साधले नसते. घटना तीच राहून केवळ नामाच्या निवडीने न्याय कसा दिला जातो, ह्याचे हे उदाहरण आहे.

३

१६५९ च्या स्वारीकडे ह्या दृष्टीने पाहू. विजापूरहून निघालेल्या अफझलखानाने तुळजापूरच्या भवानीस उपद्रव दिला, आणि त्याच वर्षी १० नोव्हेंबर रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांच्या हातून तो मारला गेला. तुळजापूर येथे नेमके काय घडले ह्याच्या तपशिलाची चर्चा इतिहाससंशोधकांनी केलेली आहे. येथे प्रश्न निराळा आहे : ही घटना कोणकोणत्या वाक्यांतून पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचली?

पहिले रूप पोवाड्याचे. अफझलखानाच्या प्रसंगावरील अज्ञानदासाचा पोवाडा हा उपलब्ध मराठी पोवाड्यांतील सर्वांत जुन्या पोवाड्यांपैकी एक मानला जातो; ॲक्वर्थ आणि शाळिग्राम ह्यांच्या १८९१ सालच्या संग्रहामुळे तो वाचकांसमोर आला. पोवाड्याची भाषा कर्त्याची भाषा असते. कोण निघाला, कोण बोलला, कोणी वार केला, हे नावानिशी सांगितल्याशिवाय शाहिराला पुढे जाता येत नाही, कारण समोरचा श्रोता ऐकत असतो आणि त्याला दृश्य हवे असते. सकर्मक क्रियापदे आणि विशेषनामे ह्यांच्या जोरावर पोवाडा उभा राहतो. त्याचबरोबर शाहीर आपले नावही शेवटी गुंफतो. अज्ञानदासाने तर आपल्याला राजाकडून मिळालेल्या बक्षिसाचाही उल्लेख पोवाड्यात केला आहे. म्हणजे स्मृतीचे जे वाक्य तयार होते त्यात कर्ता आहे, कर्म आहे, आणि हे वाक्य कोण कोणासाठी उच्चारीत आहे हेही आहे. ऐकणाऱ्याला शाहिराचा पक्ष कळतो. त्यामुळे पोवाड्याच्या एकांगीपणात एक प्रकारचा प्रामाणिकपणा राहतो.

दुसरे रूप बखरीचे. सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे आपली बखर लिहिली. तुळजापूरची मूर्ती फोडून जात्यात भरडली, असे तो सांगतो. आणि भेटीच्या प्रसंगापूर्वी भवानीने महाराजांस दर्शन देऊन अभय दिल्याचेही तोच सांगतो. ह्या दोन विधानांमधील संबंध महत्त्वाचा आहे. पहिल्या वाक्यात भवानी कर्म आहे. दुसऱ्यात ती कर्ता झाली आहे. जिच्यावर आघात झाला तीच पुढे कर्तृत्व धारण करते, आणि कथानकाचा न्याय पुरा होतो. घटना आणि तिचा अर्थ ह्यांना जोडणारा हा व्याकरणिक पूल बखरकाराने बांधला. महाराजांनी १६६१ मध्ये प्रतापगडावर भवानीची स्थापना केली, तेव्हा हाच संबंध स्थलरूपाने दृढ झाला असे म्हणावयास हरकत नाही. तुळजापुरात आणखी एक परंपरा सांगितली जाते, ती अशी की, खान येण्यापूर्वीच पुजाऱ्यांनी मूळ मूर्ती अन्यत्र हलविली होती. ह्या कथनात क्रियापदच बदलते. ‘फोडली’च्या जागी ‘वाचविली’ येते, आणि कर्तेपण देवतेकडून गावातील माणसांकडे जाते. एकाच आघाताच्या स्मृतीला अशी दोन वाक्ये पेलता आली, हे त्या स्मृतीच्या सामर्थ्याचे लक्षण होय.

तिसरे रूप अनपेक्षित ठिकाणचे आहे. १८५३ च्या तहान्वये निजामाने इंग्रजांच्या हवाली केलेल्या प्रदेशात नळदुर्ग जिल्हा होता, आणि तेथे उपायुक्त म्हणून कर्नल फिलिप मेडोज टेलर ह्याची नेमणूक झाली. १८६० मध्ये हा जिल्हा निजामाकडे परत गेला. टेलर हा ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ह्या कादंबरीचा कर्ता म्हणून प्रसिद्ध आहे. त्याची ‘तारा’ ही कादंबरी १८६३ मध्ये निघाली. तिची नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची कन्या असून कथेची पार्श्वभूमी अफझलखानाच्या स्वारीची आहे. येथे खानाला घर आहे, कुटुंब आहे. त्याचा मुलगा फाझल आणि तारा ह्यांचा अनुबंध कथेच्या केंद्रस्थानी येतो. पोवाड्यात जो केवळ ‘वधा’चे कर्म होता, तो कादंबरीत अनेक वाक्यांचा कर्ता होतो. टेलर हा राज्यकर्त्यांपैकी एक होता, आणि हिंदुस्थानच्या इतिहासाकडे तो त्या स्थानावरून पाहत होता. १६५७, १७५७ आणि १८५७ ह्या शतकांतरांवर त्याने तीन कादंबऱ्यांची माला रचली, तिच्यातच ती दृष्टी दिसते. तथापि शत्रूला अंतर्बाह्य माणूस म्हणून वाक्यात आणण्याची सोय कादंबरी ह्या प्रकारात आहे, ती पोवाड्यात नाही, ही गोष्ट ‘तारा’वरून स्पष्ट होते.

४

शब्दांबाहेरच्या कलांनाही त्यांचे व्याकरण असते. धाराशिव जिल्ह्यासह सबंध मराठवाड्यात देवळांच्या आवारात, वेशीजवळ किंवा शेताच्या बांधावर वीरगळ आढळतात. वीरगळाची शिळा खालून वर वाचावयाची असते. सर्वांत खालच्या चौकटीत वीर पडलेला किंवा लढताना दिसतो. कित्येकदा त्याने सोडविलेली गुरेही तेथे असतात. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन जातात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करीत असतो. माथ्यावर सूर्यचंद्र वा कलश असतो. कर्नाटकातील पुष्कळ वीरगळांवर लेख आहेत. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळ निनावी आहेत. क्रियापद स्पष्ट आहे, कर्त्याची प्रतिमा स्पष्ट आहे, नाव मात्र नाही. गावातील लोक त्या दगडाला शेंदूर लावतात आणि त्याचा कोणी तरी देव करतात. गुरे वाचविताना मेलेल्या माणसाचे स्मरण असे टिकले, आणि टिकता टिकता तो माणूसच त्यातून नाहीसा झाला.

ह्याच्या उलट उदाहरण परंड्याशी निगडित आहे. ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे महंमद बिन हसन रूमी ह्या कारागिराने ओतली. ती काही काळ परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये विजापुरास नेण्यात आली. तोफेचे तोंड जबडा पसरलेल्या सिंहाचे आहे आणि त्याच्या दाढांत हत्ती चिरडलेला दाखविला आहे. धातूवर ओतणाऱ्या कारागिराचा लेख आहे. पुढे विजापूर जिंकल्यावर औरंगजेबानेही त्याच तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरविला. एकाच वस्तूवर दोन वाक्ये उभी राहिली : एकात निर्माता कर्ता आहे, दुसऱ्यात जेता. ज्यांच्यावर ही तोफ डागली गेली त्यांचे वाक्य त्या धातूवर असण्याचा प्रश्नच नव्हता. हत्तीच्या रूपाने ते तिच्या दाढांत तेवढे राहिले आहेत.

पाश्चात्त्य कलेत हा प्रश्न जाणीवपूर्वक हाताळल्याची दोन उदाहरणे सर्वपरिचित आहेत. स्पेनवरील नेपोलियनच्या आक्रमणाच्या काळात गोयाने युद्धाच्या अनर्थांवरील उत्कीर्ण चित्रांची माला केली. ती त्याच्या मृत्यूनंतर, १८६३ मध्ये, म्हणजे ‘तारा’ निघाली त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. त्यातील एका चित्राखाली चित्रकाराने हे आपण पाहिले आहे, एवढेच लिहिले. येथे कर्ता आहे तो साक्षीदार. पिकासोच्या ‘गेर्निका’त (१९३७) एकही विमान नाही, एकही आक्रमक सैनिक ओळखू येत नाही, चौकटीत आहेत ती केवळ ज्यांच्यावर आघात झाला ती माणसे आणि जनावरे. कर्ता चित्रातून वगळला आहे, तरी चित्राला गावाचे नाव दिल्यामुळे तो विसरता येत नाही : ते नाव उच्चारताच २६ एप्रिल १९३७ चा बाँबहल्ला आणि तो करणारे ह्यांचे स्मरण होते. मराठीत विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) ह्याच जातीची आहे. शीर्षक रणांगणाचे, कथा मात्र युरोपातून निघालेल्या एका बोटीवरची. तीत चक्रधर आणि हेर्टा ह्यांचे संबंध आहेत, ज्यू निर्वासितांची पांगापांग आहे, आणि युद्ध अजून सुरू व्हावयाचे आहे. बंदुकीचा आवाज न ऐकविता युद्धाने माणसांचे काय होते ते ह्या लहानशा कादंबरीने सांगितले.

ह्या उदाहरणांवरून एक निष्कर्ष काढता येतो. कर्ता गाळणे हे नेहमीच लपविणे नसते. कलावंत कर्ता गाळतो तेव्हा तो वाचकाला वा प्रेक्षकाला ‘कोणी?’ हा प्रश्न विचारावयास भाग पाडतो. अहवाल आणि स्मारके कर्ता गाळतात तेव्हा तो प्रश्न बहुधा मिटविलेला असतो. ह्या दोन्ही वगळण्यांत भेद करणे हे समीक्षेचे काम आहे.

५

आता दुसऱ्या प्रसंगाकडे वळू. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जे. एन. चौधरी ह्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्य सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरले. पहिला संघर्ष नळदुर्ग येथे झाला; बोरी नदीवरील पूल शाबूत हाती आल्याने पुढचा मार्ग मोकळा झाला. त्याच दिवशी तुळजापूर येथे निजामी पायदळाची तुकडी आणि रझाकार ह्यांनी सुमारे दोन तास प्रतिकार केला, आणि सायंकाळपूर्वीच सैन्य उमरग्यास पोहोचले. १७ तारखेस निजामाने युद्धबंदी जाहीर केली. त्यापूर्वीच्या वर्षभरात कासिम रझवीच्या नेतृत्वाखालील रझाकारांनी खेडोपाडी जाळपोळ, लूट आणि खून ह्यांचे सत्र चालविले होते; रझवी स्वतः लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. दुसऱ्या बाजूस ह्याच जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ ह्यांनी अध्यापन केले होते. संघर्षाचे दोन्ही ध्रुव असे एकाच जिल्ह्याशी जोडलेले होते.

ह्या पाच दिवसांना किती नावे पडली ते पाहणे उद्बोधक आहे. लष्करी दप्तरात ते ‘ऑपरेशन पोलो’ होते. शासनाने त्यास ‘पोलीस ॲक्शन’ म्हटले. हैदराबादने आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे नेले असता हा देशांतर्गत सुव्यवस्थेचा प्रश्न आहे अशी भारताची भूमिका होती, आणि ‘पोलीस’ हा शब्द त्या भूमिकेशी सुसंगत होता. मराठीत ‘मुक्तिसंग्राम’ हे नाव रूढ झाले आणि १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो. उर्दूत त्याच घटनेस ‘सुकूत-ए-हैदराबाद’, म्हणजे हैदराबादचा पाडाव, म्हणतात. ‘मुक्ती’ला मुक्त होणारा लागतो, ‘सुकूत’ला कोसळणारा, एकाच नगराच्या नावाशी जोडलेल्या ह्या दोन क्रियांचे कर्ते निरनिराळे आहेत. ग्रामीण बोलीत मात्र ‘पोलीस ॲक्शन’ हेच शब्द रुळले, आणि ते कालगणनेचे साधन झाले : अमुक मुलगा पोलीस ॲक्शनच्या आधीचा, अमुक विहीर नंतरची.

‘रझाकार’ ह्या शब्दाचा प्रवासही असाच आहे. अरबी ‘रझा’ आणि फारसी ‘कार’ ह्यांपासून झालेल्या ह्या शब्दाचा मूळ अर्थ स्वेच्छेने काम करणारा, स्वयंसेवक. मराठवाड्याच्या बोलीत त्याचा अर्थापकर्ष होऊन तो जुलूम करणाऱ्याचा वाचक बनला, आणि त्यापासून ‘रझाकारी’ हे भाववाचक नाम झाले. विशेषनामांची व समूहनामांची अशी सामान्यनामे होण्याची परंपरा मराठीत जुनी आहे. पराभवाने ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार दिला. निजामाच्या मुलखाला सीमेपलीकडचे मराठी लोक ‘मोगलाई’ म्हणत. ‘पानिपत’ म्हणताना आज कोणाच्याही डोळ्यांसमोर विशिष्ट प्रेते येत नाहीत. परीक्षेतील अपयशालाही तो शब्द चालतो. ‘रझाकारी’ अजून तेथपर्यंत गेलेली नाही. परंतु तिच्यातही माणसे जाऊन काळ उरला आहे. ‘रझाकारीत घर जळाले’ ह्या वाक्यात जाळणारा नाही. ‘रझाकारी’ हे सप्तमी विभक्तीतील अधिकरण आहे, आणि क्रियापद ‘जळाले’.

ह्याहून कठीण भाग पुढील आहे. लष्करी कारवाईनंतरच्या दिवसांत संस्थानात मुसलमान रहिवाशांवर सूडाचे हल्ले झाले. भारत शासनाने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी ह्यांचे मंडळ पाठविले. त्यांनी १९४८ च्या नोव्हेंबर–डिसेंबरात दौरा केला. सबंध संस्थानात २७,००० ते ४०,००० माणसे प्राणास मुकली असावीत असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक हानीचे असून त्या चारांतच मृतांची संख्या १८,००० हून कमी नसावी, असे त्यांनी नोंदविले. रझाकारांच्या अत्याचारांनी निर्माण झालेला क्षोभ त्यांनी नमूद केला, तसाच काही ठिकाणी सैन्य व पोलीस दलांतील व्यक्तींचा सहभागही नमूद केला. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला आणि एकविसाव्या शतकातच तो अभ्यासकांच्या सर्रास हाती आला.

ह्या अहवालातील एक निरीक्षण साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये असे आहे. एकाच व्यवसायातील माणसांत परस्परांविषयीची आस्था अधिक दिसली, असे त्यात म्हटले आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले, आणि त्यापायी स्वतःचे प्राणही गमावले. येथे एक निराळेच वाक्य तयार होते. त्याचा कर्ता ‘विणकर’ आहे, कर्मही ‘विणकर’ आहे, आणि क्रियापद ‘वाचविले’ असे आहे. तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या परंपरेत जे क्रियापद आढळले तेच हे. परंतु पुजाऱ्यांची कथा गावाने तीनशे वर्षांहून अधिक काळ सांभाळली. विणकरांची ही कथा एका अप्रकाशित अहवालातील एक-दोन वाक्यांत पडून राहिली. तिच्यावर पोवाडा झाला नाही, आणि वाचविणाऱ्यांची नावेही त्या वाक्यांत आलेली नाहीत.

१९४८ विषयीचे जे प्रमुख लेखन आहे त्याचे स्वरूप पाहिले म्हणजे ह्याचे कारण काही अंशी उमगते. स्वामी रामानंद तीर्थ ह्यांच्या इंग्रजी आठवणी १९६७ मध्ये आल्या. अनंत भालेराव ह्यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ १९८७ चा. दोन्ही ग्रंथ लढ्यात उतरलेल्यांनी लिहिले. त्यांचा स्वाभाविक कर्ता ‘आम्ही’ हा आहे, आणि ह्या ‘आम्ही’ने सोसलेले कष्ट व केलेला त्याग त्यांत यथार्थपणे उतरला आहे. उर्दूत इब्राहीम जलीस ह्यांच्या ‘दो मुल्क एक कहानी’त पाडाव आणि स्थलांतर ह्यांची बाजू आली. म्हणजे एका प्रथमपुरुषाची साक्ष मराठीत आणि इंग्रजीत राहिली, दुसऱ्या प्रथमपुरुषाची उर्दूत. आणि ह्या दोहोंच्या मध्ये जे घडले ते अहवालाच्या कर्मणी प्रयोगात राहिले. तिन्ही पाठ एकत्र वाचणारा वाचकवर्ग तयार झाला नाही. लिपी बदलली की स्मृतीचा श्रोता बदलतो. आणि ज्या जिल्ह्यात एकेकाळी मराठी घरातील मुलगाही शाळेत उर्दू शिकत असे, तेथे आज त्या लिपीतील साक्ष बहुसंख्यांना वाचता येत नाही.

आणखी एक अडचण शब्दांची आहे. लढ्यात मेलेल्या कार्यकर्त्यासाठी ‘हुतात्मा’ हा शब्द आहे. नळदुर्गच्या पुलावर पडलेल्या शिपायासाठी ‘कामास आला’ म्हणता येते. परंतु रझाकारांनी घर पेटविले त्यात मेलेली म्हातारी, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी केवळ धर्मामुळे मारला गेलेला शेजारचा मोलमजूर, ह्या दोघांसाठी आपल्या युद्धवाङ्मयाच्या कोशात शब्द नाही. ती दोघे नुसती ‘गेली’. पोवाड्याला वीर लागतो, वीरगळाला शस्त्र लागते, मुक्तिसंग्रामाला सैनिक लागतो. ज्यांनी काहीच केले नाही, ज्यांच्यावर केवळ केले गेले, त्यांना सामावणारा प्रकार कादंबरी आणि चित्रकला ह्यांनी विसाव्या शतकात जगभर घडविला. ह्या भूभागाच्या वाट्याला त्या तोलाची कृती अद्याप आलेली नाही. सतराव्या शतकातील स्मृतीपेक्षा विसाव्या शतकातील स्मृती मुकी राहण्याचे कारण असे कालावधीत नसून वाङ्मयप्रकारात आणि त्याच्या श्रोत्यात आहे.

६

ह्या विवेचनातून पदव्युत्तर अभ्यासासाठी काही दिशा निघतात. तोंडी साक्षी गोळा करण्याचे शास्त्र मराठीत नवे नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ ह्यांच्या प्रयत्नांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या, आणि ज्यांना लेखनाचा अधिकार नव्हता अशा स्त्रियांचे वाङ्मय त्यामुळे अभ्यासाच्या कक्षेत आले. १९४८ च्या साक्षींसाठी तशाच चिकाटीची गरज आहे, मात्र तितका अवधी नाही. त्या वर्षी १० वर्षांचे असलेले मूल आज ८५ वर्षांच्या पुढे गेले आहे. त्याहून मोठ्या वयात ज्यांनी हे पाहिले ते बहुतेक हयात नाहीत.

अशी साक्ष टिपताना एक पथ्य पाळले पाहिजे. सांगणाऱ्याची क्रियापदे बदलू नयेत. ‘घर जळाले’ असे कोणी म्हटले तर टिपणात ‘घर जाळण्यात आले’ असे लिहू नये. आणि ‘त्यांनी मारले’ असे म्हटले तर ‘मृत्यू झाला’ अशी प्रमाण भाषा त्यावर घालू नये. ‘गडबडीत’, ‘त्या धामधुमीत’, ‘लोकांनी’, ‘कोणी तरी’ हे शब्द अस्पष्ट आहेत म्हणून गाळावयाचे नसून, ते कोणत्या क्षणी येतात हेच पाहावयाचे आहे. त्याच गावात ज्याच्याशी पुढची सत्तर वर्षे राहावयाचे होते त्याचे नाव सांगणारा घेत नाही, तेव्हा त्याची सहनशीलता, त्याचे भय आणि त्याचा शहाणपणा ही तिन्ही त्या अनुल्लेखात असतात. हिंदू, मुसलमान, दलित, भटक्या अशा सर्व वस्त्यांतून, आणि मराठी, दखनी, कन्नड, लमाणी अशा सर्व बोलींतून हे टिपण व्हावयास हवे. उमरग्याच्या बाजूस तर एकाच आठवड्याच्या बाजारात ह्यांपैकी तीन बोली ऐकू येतात.

शास्त्राने साक्ष जपावी आणि साहित्याने तिला रूप द्यावे, अशी ही विभागणी आहे. ज्या विणकरांनी विणकरांना वाचविले त्यांची नावे एखाद्या वृद्धाच्या स्मरणात अजून असतील, तर ती आता विचारली पाहिजेत.